कवळीवाल्याचं बंद दार

फुकट काही देणारा माणूस दिसला की वकिलीण त्याच्या हाताकडे बघायची नाही, खिशाकडे बघायची. हातात काय आहे ते तो स्वतःच दाखवतो. खिशात काय आहे ते बघायला कुणीतरी नको?

वकिलीण म्हणजे कोर्टातली नव्हे. शाळा तिची चौथीतच सुटली होती. शर्टांच्या कारखान्यात ती मशीनवर काजं पाडायची. पण घरमालकाचा कागद आला की ओळीखाली बोट धरून, दहा वेळा वाचून, त्यातली मेख ती अशी काढायची की मालकाचा माणूस जिना उतरताना एक पायरी चुकायचा. म्हणून इमारतीनं तिला वकिलीण करून टाकली; अर्धी चेष्टेनं, अर्धी गरजेनं. "शिकलेल्याला फसवणं सोपं," ती म्हणायची. "त्याचा कागदावर विश्वास असतो. माझा कशावरच नाही."

इमारत तीन मजली, लांबलचक, कधीकाळी एका कारखान्यानं कामगारांसाठी बांधलेली. कारखाना गेला, कामगार राहिले. वरच्या मजल्याची मागची ओळ, साठ ते सत्तर नंबरच्या खोल्या, नव्या रुंद रस्त्याच्या बाजूला होती, आणि मालकाला आधी तीच हवी होती. त्याचं म्हणणं, या ओळीतली माणसं मागाहून घुसलेली. जुन्या पावत्या कारखान्याच्या ऑफिसात होत्या, आणि ते ऑफिस केव्हाच जमीनदोस्त झालेलं. कोण कधीपासून राहतंय हे सांगू शकतील अशी सहा माणसं उरली होती, सगळी पंचाहत्तरीच्या पुढची. त्यांची साक्ष हाच काय तो पुरावा.

त्या साक्षीचं मागच्या सुनावणीला काय झालं, ते आठवलं की वकिलिणीची मशीनवरची सुई तुटायची. साहेबांसमोर सहाच्या सहा जण उभे राहिले, जीव तोडून बोलले, आणि तोंडात दात नसल्यानं एकाचाही शब्द धड बाहेर पडला नाही. मालकाचा वकील हसू दाबत होता. टायपिस्टनं सहा वेळा एकच वाक्य बडवलं: "साक्षीदाराचे बोलणे स्पष्ट कळले नाही." पुढची तारीख शेवटची, असं साहेबांनी बजावलं. वकिलिणीनं त्या कागदाची नक्कल आणली आणि संतापानं जिन्याजवळच्या भिंतीवर चिकटवून दिली. येताजाता सगळ्यांनी वाचावं, सगळ्यांचं रक्त तापावं.

रक्त किती जणांचं तापलं देव जाणे. पण त्यानंतर दोनच आठवड्यांत तिच्या मनात पाल चुकचुकली.

तळमजल्यावर, मागच्या बोळाकडे तोंड केलेल्या खोलीत कवळीवाला राहायचा. साठीचा, सडपातळ, बायको वारलेला माणूस. दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायचं काम करायचा. तीन वर्षांपूर्वी आला होता. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून चर्चला जायचा, आल्यावर दार लावून घ्यायचा. कुणाशी भांडण नाही. वकिलिणीच्या मते तीन वर्षांत एकदाही न भांडलेल्या माणसाची चौकशी व्हायला हवी.

तर त्या कवळीवाल्याच्या दारात दुपारच्या वेळी म्हातारी माणसं जायला लागली. पुढच्या दारानं नाही, बोळातून. एकेकटी. आणि बाहेर यायची ती तोंडावर रुमाल धरून, इकडंतिकडं बघत. तिनं चार दिवस पाळत ठेवली. एकसष्टमधली म्हातारी. सदुसष्टमधले पेंटरकाका. अडुसष्टमधला बहिरा मिस्त्री. हीच ती सहातली माणसं. दुसरं कुणीच नाही! एका रविवारी तर पांढऱ्या शर्टातला एक तरुण, हातात काळी बॅग, गाडीतून उतरून थेट त्या खोलीत शिरला आणि दोन तासांनी बाहेर पडला.

काळी बॅग. वकिलिणीला आणखी काय हवं होतं?

तिनं पेंटरकाकांना जिन्यातच गाठलं. हे काका पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आता हात थरथरायचा, पण जीभ नाही.

"काय काका, हल्ली बोळात फार फेऱ्या?"

"हवा चांगली अछते तिथं."

"गटाराशेजारी?"

"माझं नाक गेलंय गं. मला छगळीकडे छारखीच." दात नसल्यानं त्यांचा 'स' नेहमीच असा घरंगळायचा.

"काका, त्यानं तुमच्याकडून कशावर अंगठा घेतलाय का?"

काकांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनंच त्यांचा खिसा कापलाय. "नाही," ते म्हणाले. "आणि विचारू नकोछ. मी छबद दिलाय."

शब्द दिलाय! गुपचूप शब्द देणारी माणसं तिनं याआधीही पाहिली होती. लग्न होऊन ती या इमारतीत आली त्या वर्षी पलीकडच्या इमारतीत एक गोडबोल्या गृहस्थ यायचा. म्हाताऱ्यांना घोंगड्या, पोरांना औषधं, बायकांना ताई-माई. तिनं स्वतः त्याच्या घोंगड्या डोक्यावर वाहिल्या होत्या, दारोदार वाटल्या होत्या. घोंगडी मिळाल्याची सही म्हणून प्रत्येकाचा अंगठा घेतला त्यानं. सहा महिन्यांनी ते अंगठे खोली सोडल्याच्या कागदावर निघाले. तिथं आता चकचकीत दुकानं आहेत. ज्या म्हातारीला तिनं पहिली घोंगडी दिली, ती रस्त्यावर तीच घोंगडी पांघरून बसली होती. हे काही विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

घरी तिची सासू खिडकीशी बसलेली असायची. चौसष्ट नंबर. सहा साक्षीदारांतली सगळ्यांत जुनी तीच. इमारतीला रंग लागायच्या आधी ती इथं नवरी म्हणून आली होती. वकिलिणीचा नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर, म्हणजे घरात या दोघीच, आणि दोघीही तिखट.

"आई, तो कवळीवाला म्हाताऱ्यांना फितवतोय," वकिलीण म्हणाली.

सासूबाईंनी खिडकीबाहेरची नजर हलवली नाही. त्यांच्या बोळक्या तोंडातले शब्द फक्त सुनेलाच कळायचे. "तुला पोळपाटात पण मालकाचा हात दिसतो."

"तुम्हाला बोलावलं तर जाऊ नका."

"मला कोण बोलावतंय? मी आपली दुपारी जिन्यात उन्हाला बसते."

जिन्यात दुपारी ऊन येत नाही. हे वकिलिणीच्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी मशीनवर, आणि तिची आणखी एक सुई तुटली.

सुनावणी शुक्रवारी. सोमवारी कारखान्यात वीज गेली आणि कामगारांना दुपारीच घरी सोडलं. ती आली तर खोलीला बाहेरून कडी. जिना रिकामा. ती दोन-दोन पायऱ्या टाकत खाली उतरली, बोळात शिरली आणि कवळीवाल्याच्या दाराला कान लावला. दार आतून बंद. आतून आवाज येत होता. आवाज सासूबाईंचा, पण काहीतरी वेगळा, नवा, जाडसर.

"शाठ... एकशष्ट... बाशष्ट..."

"सावकाश," कवळीवाल्याचा आवाज. "पुन्हा."

"साठ. एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट."

वकिलिणीनं कान दाराला आणखी दाबला. साठ ते सत्तर! त्यांचीच ओळ. एकसष्टमध्ये म्हातारीबरोबर तीन पोरी आणि त्यांची विधवा आई. बासष्टमध्ये ते नवीन जोडपं, पाळण्यासकट. त्रेसष्टमध्ये अर्धांगानं पडलेला गाडीवान. आणि तिची स्वतःची सासू एकेक खोली नाव घेऊन मोजून देत होती, आणि तो समोर बसून यादी उतरवून घेत होता.

"चौसष्ट," आतून सासूबाई म्हणाल्या. स्पष्ट, ठणठणीत.

चौसष्ट म्हणजे आपलं घर.

पुढं काय झालं ते तिला तुकड्यातुकड्यांत आठवतं. खांदा मारल्यावर दाराची आतली कडी निघून आली. सासूबाई एका उंच खुर्चीत, गळ्याभोवती पांढरा टॉवेल. कवळीवाला समोर स्टुलावर. भिंतीशी एक साधा लाकडी क्रॉस, एक टेबल, दिवा, आणि एका फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडकी, प्रत्येकावर निळ्या शाईनं आकडा. एकसष्ट. चौसष्ट. सदुसष्ट. हेच ते कागद! तिनं चौसष्टचं पुडकं ओढलं. वजन अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. हातातून निसटलं आणि फरशीवर आपटून फुटलं.

कागद नव्हता आत. प्लास्टरचे दोन पांढरे जबडे होते, त्यांचे आता सतरा तुकडे झाले होते.

"अगं तुझ्या संशयाला आग लागो!" सासूबाई ओरडल्या, आणि ओरडताना त्यांच्या तोंडात दात दिसले. पांढरेशुभ्र, वर-खाली, गुलाबी मेणात बसवलेले. रागाच्या भरात त्यांनी ते तोंडातून काढले आणि मुठीत असे आवळले की मेण चेपून त्याची गोळी झाली.

"आई... हे..."

"कवळी गं माझी! कवळी!" पण आता त्यांचा शब्द पुन्हा पूर्वीसारखाच बोबडा, ओला झाला होता.

कवळीवाला खाली बसून तुकडे गोळा करायला लागला. ओरडला नाही, एक शब्दही नाही. आणि खरं सांगायचं तर, त्याच गोष्टीनं वकिलिणीचं डोकं पुन्हा फिरलं. माणसाचं काम कुणी असं पायदळी तुडवलं तर तो ओरडतो. हा ओरडत का नाही? काय दडवतोय?

"साठ-एकसष्ट काय चाललं होतं?" ती गरजली.

"ताई, कवळी बसली की नाही ते 'स'वरून कळतं," तो तुकडे जुळवत म्हणाला. "साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावायचं. जीभ दाताला कुठं लागते ते ऐकायचं. शिट्टी वाजली तर दात पुढं आहेत, बोबडं आलं तर मागं. सगळे कवळीवाले असंच मोजायला लावतात."

"आणि तो बॅगवाला?"

"दंतवैद्य. मापं घ्यायला त्यालाच बोलवावं लागतं. मी त्याच्याकडेच काम करतो. रविवारी येतो बिचारा, माझ्या शब्दाखातर."

"आणि सहाच माणसं का? तीच सहा का?"

कवळीवाल्यानं पहिल्यांदा मान वर केली. "तुम्हीच तर भिंतीवर लावलंय," तो म्हणाला. "बोलणे स्पष्ट कळले नाही. सहा वेळा लिहिलंय."

वकिलिणीनं पायाशी पडलेला एक तुकडा उचलून त्याच्या हातात कोंबला.

"मग हे चोरून कशाला? चांगलं काम करणारा उजेडात करतो. दार लावून, बोळातून, म्हाताऱ्यांच्या तोंडून शपथा घेऊन... असं मालकाची माणसं करतात."

"माझ्या धर्मात देणाऱ्यानं डंका पिटायचा नाही," तो म्हणाला. "दिलं आणि दहा जणांना कळलं, की घेणाऱ्याची मान खाली आणि माझी वर. मग ते देणं कसलं?"

"म्हणजे यांना चर्चला न्यायचा बेत नाही?"

"तुमच्या सासूबाईंना जिनासुद्धा धड उतरवत नाही, ताई. चर्चला कुठं नेऊ?"

सासूबाई टॉवेलमध्ये फिसकन हसल्या. वकिलीण हसली नाही.

शुक्रवारपर्यंत चार दिवस. नवी मापं, नवं प्लास्टर, नवं मेण, पुन्हा मोजणी, मग मेणाच्या जागी पक्का मसाला भरून शिजवणं, घासणं. एरवी दोन आठवड्यांचं काम, तो म्हणाला, पण बघू. बाकी पाच कवळ्या तयार होत्या. राहिली होती ती सगळ्यांत महत्त्वाची साक्षीदार, आणि ती राहिली होती सुनेच्या हातून.

वकिलिणीनं माफी मागितली नाही. तिनं पहारा लावला. कारखाना सुटला की ती सरळ त्याच्या खोलीत येऊन दाराशी स्टूल टाकून बसायची. "तुमच्यावर विश्वास नाही म्हणून बसलेय," तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "खोटं सापडेपर्यंत बसणार."

"बसा," तो म्हणाला. "तेवढा दिवा जरा डावीकडे धरता का?"

मंगळवारी दंतवैद्य काम सोडून आला, मापं घेऊन गेला. त्याच्या बॅगेत तिनं डोकावून बघितलं. चिमटे होते, आरसे होते. बुधवारी तिनं कवळीवाल्याला दात लावताना बघितलं: पेटीतून एकेक दात उचलायचा, गरम सुरीनं मेण वितळवायचं, दात टेकवायचा, मान तिरकी करून बघायचं, काढायचा, पुन्हा टेकवायचा. खालचा एक पुढचा दात त्यानं मुद्दाम किंचित वाकडा बसवला.

"हा वाकडा का?" तिनं लगेच पकडलं.

"सासूबाईंनी सांगितलंय. तरुणपणी त्यांचा तो दात वाकडा होता. सरळ दात लावले तर आरशात दुसरीच बाई दिसेल म्हणाल्या."

बत्तीस वर्षं त्यानं एका तळघरात हेच काम केलं होतं. डब्यातून जबडे यायचे, डब्यातून परत जायचे. त्याच्या दातांनी कोण हसलं, कुणी काय खाल्लं, त्याला कधी दिसलं नाही. हे त्यानं आपण होऊन सांगितलं नाही, तिनं उलटतपासणी घेऊन काढलं. बायकोचंही तसंच. तिचा अर्धा जबडा काढावा लागला होता. सात महिने ती बोलायची आणि कुणालाच कळायचं नाही, शेवटी शेवटी त्यालाही नाही. तो कामावर असायचा तेव्हा रोज दुपारी चर्चमधली कुणी ना कुणी बाई यायची, तिला चमच्यानं भरवायची, तोंड पुसायची, तिचं न कळणारं बोलणं ऐकत बसायची. सात महिन्यांत एक दुपार चुकली नाही.

"कुणी ठरवून दिलं होतं?"

"तेच तर. मी सगळ्यांना विचारलं. पाद्रीबुवांना विचारलं. कुणी सांगेना. आभार मानायला मला माणूसच सापडेना." तो दातावर मेण सोडत होता. "मग वर मानले. आणि एवढं कळलं की जे घेतलं ते माघारी देता येत नाही. पुढं देता येतं. आमच्यात पिकाचा दहावा भाग देवाचा मानतात. माझ्याकडे पीक नाही, दात आहेत. दहावी कवळी ज्याला विकत घेता येत नाही त्याची."

"दहावी! इथं तर एकदम सहा झाल्या."

"गणितात कच्चा आहे मी."

तिनं त्याच्याकडे रोखून बघितलं. गोष्ट चांगली होती. फार चांगली होती. इतक्या चांगल्या गोष्टी ज्यांना सांगता येतात त्यांच्यापासून तिनं इतकी वर्षं इमारत वाचवली होती. पण घोंगडीवाला अंगठा घेऊन गेला होता, आणि या माणसानं तीन दिवसांत मागितला होता फक्त डावीकडे दिवा. हे कुठं बसवायचं, ते तिला कळेना. कवळीसारखं नव्हतं ते, घासून बसवता येईल असं.

गुरुवारी संध्याकाळी दात शिजून निघाले. त्यानं फिरत्या कापडी चाकावर ते घासले, पाण्याखाली धरले. सासूबाईंनी लावले, साठपासून सत्तरपर्यंत मोजलं, आणि एकही शिट्टी वाजली नाही.

"सदुसष्टपाशी जरा टोचतंय," त्या म्हणाल्या.

"उद्या टोचलं तर सांगा," कवळीवाला म्हणाला. "मी असेन तिथं."

शुक्रवारी सुनावणीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. सहाही जण पहिल्या बाकावर. कवळीवाला अगदी मागे, दाराजवळ, कुणाचा कुणी नसल्यासारखा. पेंटरकाकांची साक्ष झाली, मिस्त्रीची झाली. टायपिस्टची बोटं न थांबता चालली. मग सासूबाई उभ्या राहिल्या.

"मी लग्न होऊन चौसष्टमध्ये आले तेव्हा जिन्याला कठडा नव्हता," त्या म्हणाल्या. "दोराला धरून चढायचं. कठडा बसवला अडुसष्टमधल्या मिस्त्रीच्या बापानं, आणि त्यानं तिसऱ्या मजल्याच्या खांबावर आतल्या बाजूनं आपलं आणि पोराचं नाव कोरलंय. रंगाखाली आहे. खरवडून बघा." एकेक 'स' सुईसारखा. साहेबांनी चष्मा वर सरकवला.

मालकाचा वकील उठला.

"साहेब, एक साधी गोष्ट लक्षात आणून देतो. मागच्या तारखेला या सहापैकी एकाच्याही तोंडात दात नव्हता. आज सहाही जणांना नव्या कोऱ्या कवळ्या! एकाच वेळी, साक्षीच्या तोंडावर. गरीब माणसं आहेत. कोणी दिल्या? गुपचूप का दिल्या? आणि बदल्यात काय वदवून घेतलं? फुकट कोणी कोणाला काही देतं का, साहेब?"

खोलीत चुळबुळ झाली. वकिलिणीनं वकिलाकडे वळून बघितलं. तिचंच होतं ते सगळं. शब्द तिचे, क्रम तिचा, आवाजातला तो वरचा सूरही तिचाच. या माणसाच्या तोंडून ते ऐकताना अंगावर घाण उडाल्यासारखं वाटलं.

"बाई," साहेब सासूबाईंना म्हणाले, "कोणी दिले दात?"

"नाव सांगायचं नाही असं ठरलंय," सासूबाई म्हणाल्या. "मी काय सांगतेय ते ऐका ना, साहेब. दात कशाला तपासता? मी काय घोडी आहे?"

हशा झाला, पण साहेब हसले नाहीत, आणि वकिलानं हात पसरून सगळ्यांना दाखवलं: बघा, लपवतात. मागे दारापाशी कवळीवाला उठायला लागला होता. वकिलिणीनं ते बघितलं. तो उठला की आपलं नाव सांगणार, मग सगळ्या इमारतीला, सगळ्या कोर्टाला कळणार, आणि ज्या एका गोष्टीची त्यानं शपथ घातली होती तीच मोडणार. तिनं मान वळवून डोळे असे वटारले की तो अर्धा उठलेला माणूस पुन्हा बसला.

मग ती स्वतः उभी राहिली.

"साहेब, यांनी जे विचारलं ना, तेच मी विचारलं होतं. नुसतं विचारलं नाही. दाराची कडी तोडून आत शिरले. त्या माणसाचं काम जमिनीवर आपटून फोडलं. माझ्याच सासूचा जबडा फोडला, प्लास्टरचा. मग तीन संध्याकाळ त्याच्या दाराशी बसून राहिले, खोटं सापडेल म्हणून. मी कुणाला सोडत नाही, साहेब, या वकीलसाहेबांना विचारा." वकिलानं नजर वळवली. "सापडलं नाही. त्यानं काही वदवून घेतलं नाही. साठपासून सत्तरपर्यंत आकडे वदवून घेतले, बस. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण ते त्यानं मागितलेलं नाही, आणि न मागितलेलं कुणाच्या गळ्यात बांधू नये. मागच्या वेळी तुमच्या कागदावर लिहिलं होतं, बोलणे स्पष्ट कळले नाही. आज कळतंय ना? मग लिहून घ्या."

साहेबांनी वकिलाकडे बघितलं, मग सहा म्हाताऱ्यांकडे.

"दात कोणी दिले हा या प्रकरणातला मुद्दा नाही," ते म्हणाले. "खांबाची पाहणी होईल. बाई, पुढं सांगा."

सासूबाईंनी पुढं सांगितलं. पाऊण तास सांगितलं. टायपिस्टनं वाचून दाखवलं तेव्हा दोन ठिकाणी त्याला दुरुस्त केलं, आणि मगच अंगठा उमटवला.

बाहेर व्हरांड्यात आल्याबरोबर त्या म्हणाल्या, "सदुसष्टपाशी टोचतंय." कवळीवाल्यानं खिशातून बारीक कानस काढली, बाकावर बसून दोन-तीनदा फिरवली, कापडानं पुसली आणि कवळी परत दिली.

वकिलीण त्याच्यासमोर उभी होती. आभार मानायची तिला सवय नव्हती.

"खिसा दाखवा," ती म्हणाली.

"अं?"

"खिसा. बाहेर काढून दाखवा."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. कवळीवाल्यानं मुकाट्यानं खिसा उलटा केला. कानस, कापडाचा तुकडा, तोंडात धरायचा छोटा आरसा.

"दुसरा?"

त्यानं दुसराही उलटा केला. त्यात काहीच नव्हतं. तळाशी शिवण उसवून चांगलं दोन बोटांचं भोक पडलं होतं.

वकिलिणीनं भोकाची उसवलेली कड चिमटीत धरून बघितली. "संध्याकाळी पँट द्या इकडे," ती म्हणाली. "शिवून देते." मग इकडंतिकडं बघून, आवाज खाली आणून: "आणि कुणाला सांगाल तर खबरदार."